शिंगवालं इंजिन

"थांबा की जरा. त्याला बोलू द्या आधी."

कुणी काहीही सांगायला आलं, की मिस्त्री डावा हात वर करून एवढंच म्हणायचे. उजव्या हातात हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर असायचा. त्याचं टोक चालू इंजिनाच्या अंगावर टेकवलेलं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावलेली आणि डोळे मिटलेले. समोर पोस्टमन असो, चहावाला असो की खुद्द मालक असोत, इंजिनाचं बोलणं संपेपर्यंत सगळ्यांनी उभं राहायचं.

एकदा मालकांचे व्याही कारखाना बघायला आले. कडक इस्त्रीचे कपडे, गळ्यात मफलर. ते बिचारे दहा मिनिटं धुरात उभे राहिले. मिस्त्रींनी डोळे उघडले आणि त्यांच्याकडे बघत म्हणाले, "दोन नंबरला खोकला हाय."

व्याही घाईने म्हणाले, "मलाही आहे हो थोडा. गेल्या आठवड्यापासून."

मिस्त्री हसले नाहीत. "मंग गूळ खाऊ नका," एवढं त्यांना सांगून ते पाना शोधायला गेले.

आमच्या कारखान्यात बोटींची इंजिनं तयार व्हायची, असं मी आजही सांगतो तेव्हा ऐकणारे हसतात. भिंगारसारखं लष्करी छावणीचं गाव, आजूबाजूला माळ, आणि समुद्र म्हणाल तर घाट उतरून पार पलीकडे. पण त्यात नवल काही नव्हतं. लष्कराच्या जुन्या ट्रकांचा लिलाव व्हायचा. त्यातली डिझेल इंजिनं आमचे मालक घ्यायचे. पंखा आणि रेडिएटर काढून टाकायचे, समुद्राचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवणारा पितळी पंप बसवायचा, पुढे-मागे जायला वेगळा गिअर द्यायचा, खालची तेलाची टाकी बदलायची, की ट्रकचं इंजिन बोटीचं व्हायचं. मग ते लाकडी खोक्यात बसून कोकणात जायचं. मासेमारीच्या होड्या, खाडीत वाळू वाहणारे पडाव, उतारू नेणाऱ्या लाँची, सगळ्यांना तेव्हा शिडाऐवजी इंजिन हवं होतं आणि नवं कोरं घेणं फार थोड्यांना झेपायचं.

मी तिथे रायटर होतो. रायटर म्हणजे कारकून. केडगावाहून सायकलवर यायचो, पत्रं लिहायचो, खोक्यांवर पत्ते घालायचो. आणि इंजिनाची टेस्ट असली की मिस्त्रींच्या शेजारी स्टुलावर बसून दर अर्ध्या तासाला तेलाचा दाब, पाण्याची उष्णता आणि धुराचा रंग लिहून ठेवायचो.

मिस्त्री मूळचे पाथर्डीकडचे. लष्कराच्या वर्कशॉपात वीस वर्षं फिटर होते. आकडे वाचता यायचे, अक्षरं नाहीत. त्यामुळे लिहिलेल्या गोष्टींबद्दल त्यांना फार आदर होता. मी लिहीत असलो की ते आवाज खाली आणायचे, देवळात आल्यासारखे. "माजं ध्यान त्याच्यावर," ते इंजिनाकडे बोट करून म्हणायचे, "अन् तुजं ध्यान कागदावर. दोगं मिळून एक मानूस व्हतोय आपुन, लेका."

मला ते 'लेका' म्हणायचे. बाकी कुणाला म्हणत नसत.

कारखान्यात एक परदेशी कॅटलॉग होता, तेलाच्या बोटांनी मऊ झालेला. त्यात देशोदेशींच्या कामाच्या बोटींची चित्रं होती. बर्फ फोडत जाणाऱ्या, मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या, जाळी ओढून वाकलेल्या. दुपारच्या सुट्टीत भाकरी खाल्ली की मिस्त्री तो मांडीवर घेऊन बसायचे आणि मला एकेका चित्राखालचं वाचायला लावायचे.

"ह्या बोटीला पन डिझेलच का?"

"डिझेलच."

"अन् ह्या बर्फातलीला?"

"तिलाही."

ते बराच वेळ बघत राहायचे. "म्हंजी मानसं येगळी, बोली येगळी, पन ह्यो आवाज समदीकडं योकच आसंल," असं म्हणून ते कॅटलॉग मिटायचे. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता.

न पाहिलेल्या समुद्राची काळजी मात्र त्यांच्याइतकी कुणी केली नसेल. कोकणातून गिऱ्हाईक आलं, की मिस्त्री त्याला चहा पाजून चौकशी करायचे. लाट समोरून येती का कुशीवरून? किती उंच? होडी किती कलती? कलल्यावर किती येळ तशीच राहती? गिऱ्हाईक हात तिरपा करून दाखवायचं, मिस्त्री त्या हाताखाली आपला हात धरून माप घ्यायचे.

अशाच एका मापातून पाळणा तयार झाला. ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या कमानी, वर सागाच्या तुळया, त्यावर इंजिन आणि चारी कोपऱ्यांना दोर. इंजिन चालू करायचं आणि चार गड्यांनी दोर ओढून ते डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर हलवायचं. शेजारी सिमेंटचा हौद, त्यात मीठ कालवलेलं पाणी, ते पंपाने इंजिनात जायचं आणि परत हौदात यायचं. आठ तास. चार तास सरळ, चार तास पाळण्यात. भिंगार बाजारातली माणसं हे बघायला फाटकाशी गर्दी करायची. "मिस्त्रींनी गावात समुद्र आणलाय," म्हणायची.

पहिल्यांदा पाळणा पाहिला तेव्हा खाडीकाठचा एक तांडेलही खूप हसला होता. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. काळाभोर, बुटका, हसला की सगळे दात दिसायचे. तो आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघे आपल्या इंजिनाची टेस्ट बघायला आले होते. धाकट्याला तर हसू आवरेना. त्याने हौदात बोट बुडवून चाखलं आणि म्हणाला, "अजून दोन मुठी मीठ टाका मिस्त्री, आमचा दर्या एवढा गोड नाय." मिस्त्रींनी खरंच दोन मुठी टाकल्या. मग इंजिन चालू झालं, गडी दोर ओढू लागले. कुशीवर गेलेलं इंजिन त्याच एका लयीत चालत राहिलं. तांडेलाचं हसू हळूहळू थांबलं. तो जवळ गेला आणि गड्यांना म्हणाला, "अजून हलवा."

आठ तास पुरे झाले की मिस्त्री खिशातून निशाणी ठोकायचा पंच काढायचे. पोलादाचा, बोटाएवढा, त्यांनी स्वतः कोरलेला. त्याच्यावर बैलाची दोन शिंगं होती. "आमच्या बाचा बैल. कधी कामात फसवलं न्हाई त्यानं." पंचाखाली पितळी पट्टी धरायची, हातोडीचा एकच ठोका घालायचा आणि ती पट्टी इंजिनाला बसवायची. एकदा पंच फरशीवर पडला आणि डाव्या शिंगाचं टोक उडालं. मी म्हटलं, नवा करा. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. म्हाताऱ्या बैलाचं बी तुटलं हुतं."

कोकणात त्या पट्टीला नाव पडलं होतं. पत्रं यायची त्यात लिहिलेलं असायचं, आम्हांस शिंगवालेच इंजिन पाठवावे. मी ते वाचून दाखवलं की मिस्त्री पुन्हा एकदा वाचायला लावायचे.

मग बाहत्तरचं साल आलं. त्या वर्षी नगर जिल्ह्यात काय झालं ते जुन्या माणसांना सांगायला नको. ज्येष्ठ कोरडा गेला, आषाढ कोरडा गेला. कारखान्याची विहीर खडकाला टेकली. गावात टँकर यायचा, त्याच्यामागे हंड्यांची रांग आणि रांगेत भांडणं.

कारखान्यात तेव्हा तीन इंजिनं तयार होती. कोकणात नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जातात, त्याआधी ती पोचायला हवी होती. त्यातलं एक त्याच तांडेलाचं होतं. त्याची स्वतःची होडी शिंगवाल्या इंजिनावर वर्षभर बिनतक्रार चालली होती, म्हणून आता धाकट्या भावासाठी दुसरी बांधली होती.

हौदात टेस्टपुरतं गोडं पाणी साठवलेलं होतं, मीठ अजून टाकायचं होतं. एका सकाळी मागच्या वस्तीतल्या बायका फाटकाशी हंडे घेऊन उभ्या राहिल्या. मिस्त्रींनी कुणालाही न विचारता फाटक उघडलं. दुपारपर्यंत हौदाचा तळ दिसला.

मालक चिडले. "मिस्त्री, टेस्ट कशावर घेणार आता?"

"पानी आलं की घिऊ."

"कधी येणार पाणी?"

"त्ये म्या कसं सांगू? पन टेस न्हाई तर निशानी न्हाई. इंजिन हुभं ऱ्हाऊ द्या."

मालक वाईट माणूस नव्हते. हे मी त्यांची बाजू घ्यायला सांगत नाही. वाईट असते तर आम्ही सावध तरी राहिलो असतो. दोन दिवसांनी ते मिस्त्रींना प्रेमाने म्हणाले, "तुमचे बैल गावी उपाशी आहेत म्हणता ना? सोनईकडे तुमचे पाहुणे आहेत. तिकडे कालव्याचं पाणी आहे, हिरवा घास मिळेल. जा, बैल सोडून या. आठ-दहा दिवस लागले तरी चालतील."

मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. बैल पायी चालवत न्यायचे म्हणून त्यांनी जुन्या टायरच्या नव्या चपला करून घेतल्या. जाताना मला म्हणाले, "मालक देवमानूस हाय, लेका."

ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मालकांनी मला आत बोलावलं. टेबलावर एक नवा पंच होता. शहरात भांड्यांवर नावं घालणारा एक कारागीर होता, त्याच्याकडून करून घेतलेला. दोन शिंगं, दोन्ही टोकं शाबूत.

"इंजिनं मिस्त्रींनीच जुळवलीत," मालक म्हणाले. "एकेक नट त्यांच्या हाताचा. आपण काय वेगळं करतोय? तीन होड्या वर्षभर काठावर पडल्या, तर त्या घरांनी खायचं काय?"

मग ते जे म्हणाले ते मी आयुष्यात विसरलो नाही. "अन् तसं बघितलं तर मिस्त्रींच्या खालोखाल कान तुझाच आहे. तू ऐक. तू ठीक म्हणालास तर पाठवू. नाही म्हणालास तर राहू दे."

माणूस धाकाने वाकतो, लोभाने वाकतो, हे तुम्ही-आम्ही पाहिलेलं असतं. मी यातल्या कशानेच वाकलो नाही. मला कान आहे असं कुणीतरी म्हणालं, तेवढं पुरलं. दोन पिंपं पाणी कुठूनतरी आलं. तेवढ्यावर प्रत्येक इंजिन दहा मिनिटं चाललं. मी मिस्त्रींचा स्क्रू-ड्रायव्हर कानामागे धरला, त्यांच्यासारखे डोळे मिटले. मला काही वावगं ऐकू आलं नाही. ऐकू येणारच नव्हतं. जे बिघडलेलं होतं ते इंजिन कुशीवर गेल्याशिवाय बोलणार नव्हतं, आणि पाळणा कोपऱ्यात ताडपत्रीखाली होता.

"ठीक आहे," मी म्हणालो.

मग टेस्टचे कागद लिहिले. दर अर्ध्या तासाची एक ओळ, अशा सोळा ओळी, तीन इंजिनांचे तीन कागद. सगळे आकडे सारखे आले तर खोटे दिसतील, म्हणून मधे कुठे उष्णता थोडी चढवली, कुठे दाब थोडा उतरवला. एका ओळीत 'धूर किंचित काळा, नंतर साफ' असंही लिहिलं. ते लिहिताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. पंचावर ठोका मालकांनी घातला. संध्याकाळी खोकी ट्रकवर चढली.

नवव्या दिवशी मिस्त्री आले. पायांना फोड, चेहरा उन्हाने रापलेला, पण खुशीत. बैलांना हिरवं मिळालं होतं. इंजिनांच्या रिकाम्या जागांकडे बघून ते थबकले.

"कुटं गेली?"

"पाठवली," मी म्हणालो. "टेस्ट घेऊन."

"पानी?"

"आमच्या केडगावच्या विहिरीवरून टँकर आणला मालकांनी."

"आठ तास?"

"आठ तास."

"पाळण्यात पन?"

"पाळण्यातही. कागद आहेत, वाचून दाखवू?"

त्यांनी मान हलवली. मी सोळा ओळी वाचल्या. ते फरशीवर उकिडवे बसून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत राहिले. मग उठले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं. "शाब्बास. आता म्या मेलो तरी बिनटेसचं इंजिन हितनं जानार न्हाई." निशाणीचं ते काही बोलले नाहीत. पंच त्यांच्याच खिशात होता, तेव्हा पट्ट्या बिननिशाणीच्याच गेल्या असतील, असं काहीतरी त्यांनी मनाशी धरलं असावं. विचारायचं त्यांना सुचलं नाही. समोर मी होतो, कागद होता.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी तांडेल फाटकातून आत आला. एकटाच. हातात कापडी पिशवी होती. तो मिस्त्रींच्या समोर जमिनीवर बसला. मिस्त्रींनी चहा मागवला, तो त्याने घेतला नाही.

त्याने हळूहळू सांगितलं. धाकट्याची होडी किनारा दिसेनासा होईपर्यंत आत गेली होती. वारा फिरला आणि लाट कुशीवरून यायला लागली. तसं इंजिन ठोके द्यायला लागलं. मग एकदम जळका वास, आणि बंद. हँडल मारून बघितलं, फिरेना. वाऱ्याने होडी टेकडीखालच्या खडकांवर नेली. पाच माणसं होती. चौघं पोहत आली.

"अन् धाकटा?" मिस्त्रींनी विचारलं.

तांडेलाने मान खाली घातली.

मग तो म्हणाला, "मिस्त्री, मी भांडायला नाय आलो. शिंगवाला इंजिन होता. माझा तर वर्षभर चालला, कधी दगा नाय दिला. म्हणजे आमचाच काहीतरी चुकला. धाकटा नवा होता, त्याने तेल कमी घातला काय, जास्त पळवला काय. आमचा काय चुकला ता सांगा. आता माझ्या होडीत तरी तसा होऊ नये."

हे सांगायला तो एवढा घाट चढून आला होता.

ओहोटीला उघड्या पडलेल्या इंजिनातून त्याने काही भाग काढून आणले होते, ते पिशवीतून काढून त्याने मांडले. वितळून दांड्याला चिकटलेलं बेअरिंग होतं आणि तेल ओढणारी नळी होती. मिस्त्रींनी नळी हातात घेतली, तिची लांबी बोटांनी मापली. ती ट्रकचीच राहिली होती, बोटीला लागते तेवढी वाढवलेली नव्हती. होडी सरळ असली तर ती तेलात बुडायची, कुशीवर गेली की उघडी पडून वारा ओढायची. पाळण्यात घातलं असतं, तर तासाभरात कळलं असतं. "ही वाढवायची ऱ्हायली हुती," मिस्त्री स्वतःशीच म्हणाले. "माज्या हातनंच ऱ्हायली. टेसला दिसली आसती."

मग तांडेलाने पितळी पट्टी पुढे केली. मिस्त्रींनी ती अंगठ्याने पुसली आणि उजेडाकडे धरली. दोन शिंगं. डाव्या शिंगाचं टोक शाबूत.

त्यांनी पट्टीवरून दोनदा अंगठा फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागे, ऑफिसच्या दारात मालक येऊन उभे होते.

"आठ तास चाललं हुतं न्हवं?"

तेव्हा खरं बोलता आलं असतं. तांडेल समोर होता, त्याला उत्तर हवं होतं, आणि ते फक्त माझ्याकडे होतं. मी म्हणालो, "कागदावर तसंच आहे, मिस्त्री."

"कागदावर काय हाय त्ये म्या इचारलं न्हाई तुमाला," मिस्त्री म्हणाले.

तुमाला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला अहो-जाहो केलं. आवाज चढलेला नव्हता. अनोळखी माणसाशी बोलतो तसा तो आवाज होता.

ते तांडेलाकडे वळले. "धाकल्याचं काय चुकलं न्हाई. तेल बी कमी नव्हतं. इंजिनच खोटं हुतं. टेस झाली न्हाई त्याची. निशानी बी माजी न्हाई. पन इंजिन म्या जुळवलेलं हाय."

तांडेल त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला रडायला आलं ते तेव्हा. इतका वेळ त्याने दोष आपल्या भावाच्या माथी धरून ठेवला होता.

मिस्त्री उठून ऑफिसात गेले. मालक म्हणाले, "मिस्त्री, बसा, शांतपणे बोलू." मिस्त्रींनी खिशातून आपला पंच काढून टेबलावर ठेवला. "आता दोनी तुमच्याचपाशी ऱ्हाऊ द्या," एवढं बोलून ते बाहेर आले. हत्यारांची पेटी भरली. तेवढा वेळ तांडेल फाटकाशी थांबला. मी पेटी उचलायला हात लावला, तर ते म्हणाले, "नगं. सवय हाय मला." दोघे नगरच्या स्टँडच्या दिशेने चालत गेले. महिन्याभराने त्यांचा भाऊ पाथर्डीहून आला आणि खोलीतलं सामान घेऊन गेला.

मी त्या नोकरीत आणखी अकरा महिने होतो. हे सांगायला जड जातं, पण ते तसं होतं. मालकांनी मला कायम केलं. शिंगवाल्या पट्ट्या लागलेली इंजिनं जात राहिली, त्यातली काही टेस्ट होऊन, काही न होता. पाळण्याच्या तुळया पुढे कुणीतरी मांडवाला वापरल्या. नंतर मला शहरात दुसरी नोकरी लागली, तेव्हा मी बाहेर पडलो, आणि नोकरी लागली म्हणून बाहेर पडलो, दुसऱ्या कशासाठी नाही.

दोन वर्षांनी मी त्या खाडीवर गेलो. मिस्त्री तेव्हापासून तांडेलाच्या गावीच राहतात, असं कानावर आलं होतं. रात्रभर एसटीत बसून मी वाक्यं जुळवत होतो. सकाळी आठच्या सुमाराला उतरलो. स्टँड म्हणजे एक पत्र्याची शेड आणि एक बाक. ज्या गाडीने आलो ती पाच मिनिटांत वळून परत गेली. कंडक्टरने सांगितलं होतं, यानंतर थेट संध्याकाळी सहाला.

धक्क्यावर पोचलो तेव्हा एका नव्या लाँचीचं इंजिन सुरू करायची तयारी चालली होती. तांडेलाने मला ओळखलं. तो हसला नाही, पण बसायला जागा दिली. मिस्त्री लाँचीत होते. फार वाळले होते.

"हल्ली सगळ्या खाडीची इंजिना तेच बसवतात," तांडेल म्हणाला. "पण एक खोड आहे. नवा इंजिन बसवला की पयल्या फेरीला स्वता बसतात. त्यांना दर्या लागतो ओ. जाताना ओकतात, येताना ओकतात. आमी सांगतो, तुमी काठावर बसा, आमी येऊन सांगतो कसा चालला ता. नाय. कुणाच्या सांगण्यावर ठेवीत नाय."

मिस्त्री हात पुसत धक्क्यावर आले. मला बघून थांबले.

"आलात?"

"हो."

"भिंगारकडं पाऊस?"

"यंदा बरा झाला."

"ब्येस झालं."

मी जुळवलेलं पहिलं वाक्य काढलं. "मिस्त्री, त्या वेळी मी..."

"पानी शांत हाय आज," ते म्हणाले. "पैली फेरी हाय हिची. चला, बसा. दुपारपतूर माघारी येतो." त्यांनी लाँचीत उतरून इंजिनाच्या खोक्यावरची जागा फडक्याने पुसली. दोन माणसं बसतील एवढी जागा होती.

आजही मला कळत नाही की ते बोलावणं कशाचं होतं. माफी होती, की नुसतं पाहुण्याला विचारणं होतं. एवढं मात्र मला तेव्हा दिसलं, की त्या खोक्यावर त्यांच्या शेजारी बसलो, तर चार तास दोघांना एकच आवाज ऐकत बसावं लागेल आणि मधे कुठे उठून जाता येणार नाही.

"माझी एसटी आहे," मी म्हणालो.

"कवाची?"

"साडेनवाची."

तांडेलाने झटकन मान वर केली. त्या गावाला साडेनवाची एसटी नव्हती, हे तिथलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. तो काही बोलणार, तेवढ्यात मिस्त्रींनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

"जाऊ द्या त्यास्नी," ते म्हणाले. "उशीर हुईल."

दोर सुटला. लाँच खाडीच्या तोंडाकडे वळली. मिस्त्री खोक्याची कड घट्ट धरून, इंजिनाकडे वाकून बसले होते. मी स्टँडवर गेलो आणि त्या बाकावर बसलो. दोनच्या सुमाराला लाँच परत येत असल्याचा आवाज तिथपर्यंत आला, धक्क्याशी येऊन थांबला. मी बाकावरून उठलो नाही.